टाकी भरली की वाजतं, एवढंच

आमच्या घरी गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की सगळ्यात आधी कळतं ते आजीला. तिची खाट जिन्यालगतच्या खोलीत आहे, आणि पाणी एकेक पायरी उतरत थेट तिच्या उंबऱ्याशी येतं. मग हाक येते, "अगं, नर्मदा आली बघ दारात! मोटर कुणी लावली होती?" मोटर बहुतेक वेळा मीच लावलेली असते.

बाहेरगावच्यांसाठी सांगते. इंदूरच्या नळाला नर्मदेचं पाणी येतं. नदी इथून सुमारे ७० किलोमीटरवर, घाटाखाली. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंपांनी पाणी वर चढवून शहरात आणतात. १९७८ पासून हे चाललंय. आमच्या रामबागेत नळ एक दिवसाआड, आणि दाब असा की पाणी आपणहून गच्चीवर जायचं नाव काढत नाही. म्हणून आधी अंगणातल्या हौदात घ्यायचं, मग मोटर लावून टाकीत चढवायचं. मोटर लावली की माणूस दुसऱ्या कामाला लागतो आणि विसरतो. एवढा डोंगर चढून आलेली नदी आमच्या जिन्यावरून गटारात जाते, याचा आजीला मनापासून राग आहे.

फेब्रुवारीत धाकट्या भावानं एका नोकरी मेळाव्याचा फॉर्म पाठवला. भंवरकुआँकडच्या एका कॉलेजात, आयटी कंपन्यांचा. मला बीसीए होऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून सियागंजातल्या एका ठोक दुकानात मी बिलिंग आणि स्टॉक बघत होते, आणि दोन वर्षांनी बायोडेटावर लिहायला त्यापलीकडे काही नव्हतं. फॉर्मच्या शेवटी एक चौकट होती: 'प्रोजेक्ट डेमो दाखवणार का?' दाखवणाऱ्यांना अर्धं टेबल मिळणार होतं, बाकीच्यांनी रांगेत. रांगेचा अनुभव मला होता, म्हणून 'हो'वर बोट ठेवलं. प्रोजेक्ट मात्र नव्हता. हातात दिवस होते एकवीस.

कॉलेजातलं एक 'लायब्ररी मॅनेजमेंट' होतं, पण ते चौघांत केलेलं, आणि त्यात माझा वाटा रिपोर्ट टाइप करून बाइंडिंगला टाकण्याचा. ते दाखवलं असतं तर दुसऱ्याच प्रश्नाला मी गप्प झाले असते. टाकीचा विचार त्यापेक्षा बरा होता, कारण टाकीबद्दल मला कुणी काहीही विचारलं तरी सांगता येणार होतं.

पहिल्या रात्री वहीत लिहून काढलं: मोबाइल अॅप, त्यात लॉगिन, रोजच्या पाण्याचा आलेख, घरातल्या सगळ्यांना मेसेज, टाकी भरली की मोटर आपोआप बंद, आणि नळ कधी येणार याचा मशिन लर्निंगनं अंदाज. हे शेवटचं लिहिताना मलाच हसू आलं, पण खोडलं नाही. मग हिशेब मांडला. दुकान सुटतं आठला. जेवण, भांडी झाल्यावर रोज फार तर दोन तास. एकवीस दुणे बेचाळीस. त्यात होळी, त्यात एक साखरपुडा. लॉगिन आणि अॅप तिथेच गळाले. आलेख दोन दिवसांनी गळाला. मशिन लर्निंगची तर गोष्टच सोडा. नळ कधी येतो त्याची नोंदच कुणी ठेवलेली नव्हती, शिकवणार कशाच्या जोरावर?

मोटर आपोआप बंद करण्याचं मात्र मी सोडत नव्हते. ते काकांनी सोडवलं. काका विद्युत मंडळातून निवृत्त झालेले, त्यांच्यापुढे विजेचं काही बोलायचं तर जपून. वहीतल्या चित्रात मोटर चालू-बंद करायला रिले, म्हणजे विजेनं चालणारा खटका, दाखवला होता. ते बघून म्हणाले, "म्हणजे टेबलावर पाण्याचा डबा, त्याशेजारी २३० व्होल्टची उघडी रिले, आणि सभोवती दोनशे मुलं. नोकरी मिळवायला चाललीस का जीव द्यायला?" मग थोडं थांबून, "मोटर सुरू होताना करंट किती ओढते ठाऊक आहे? ही एवढीशी रिले चिकटून बसली तर मोटर बंदच होणार नाही." मी ती ओळ खोडली. का खोडली ते पानाच्या कडेला लिहून ठेवलं, आणि ते पुढे उपयोगी पडलं.

उरलं काय, तर पाणी किती वर आलंय ते मोजायचं, तीन दिवे लावायचे, भरलं की वाजवायचं, आणि मोबाइलवर एक साधं पान उघडून आकडा दाखवायचा.

सामान जेल रोडवरून आणलं. ईएसपी८२६६चा नोडएमसीयू बोर्ड, म्हणजे वाय-फाय असलेला तळहाताएवढा संगणक, अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर, बझर, एलईडी, वायरी. हा सेन्सर म्हणजे दोन डोळ्यांची चिमुकली पट्टी. एका डोळ्यातून आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो, तो पाण्यावर आपटून परत आला की दुसऱ्यानं ऐकतो. जायला-यायला किती मायक्रोसेकंद लागले ते बोर्ड मोजतो. त्याला ५८नं भागलं की सेंटिमीटर. हा ५८ सगळीकडे तयार मिळतो, पण तो कुठून आला हे वहीवर करून बघितलं: आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे एका सेंटिमीटरला २९ मायक्रोसेकंद आणि जाऊन-येऊन दुप्पट. दहा मिनिटांचं काम होतं. पण त्यामुळे कळलं की ३४३ हा आकडा २० अंश तापमानाचा. मे महिन्यात आमच्या गच्चीवर चाळीस अंश म्हणजे नेहमीचं. तेव्हा आवाजाचा वेग ३५५च्या आसपास जातो आणि मीटरभर अंतरात साडेतीन सेंटिमीटरची चूक पडते. आजीच्या उंबऱ्याच्या दृष्टीनं ती काहीच नाही, म्हणून तशीच ठेवली. ठेवली, पण माहीत असून.

काकांनी दोन दिवसांनी अजून एक चूक पकडली. सेन्सर ५ व्होल्टचा, उत्तरही ५ व्होल्टनं देतो, आणि बोर्डाच्या पायाला सोसतात ३.३. मी सरळ वायर जोडली होती आणि दोन दिवस ते बिनबोभाट चाललंही होतं. "चाललं म्हणजे बरोबर आहे असं नाही," एवढंच ते म्हणाले. मग एक आणि दोन किलोओहमचे दोन रेझिस्टर मध्ये घातले. पाचाचे सव्वातीन-साडेतीनच्या दरम्यान येतात. दोन रुपयांचं काम.

सेन्सर टाकीच्या झाकणाला आतून लावला. पहिले दोन दिवस छान. तिसऱ्या दिवशी आकडे अडखळले, चौथ्या दिवशी टाकी रिकामी असो की भरलेली, उत्तर एकच. झाकण उघडलं तर सेन्सरच्या जाळीवर दवासारखे थेंब आणि पायांना हिरवट थर. बंद टाकीतली वाफ. त्याला ती सोसायची नाहीच. परत जेल रोड. दुकानदार म्हणाला, "टंकी में लगाना था तो पहले बोलना था ना दीदी, वॉटरप्रूफ वाला देता." त्यानं जेएसएन-एसआर०४टी काढून दिला. गाडीला मागे लावतात तसा काळा गोल डोळा, लांब वायरीवर.

हा पाण्याला दाद देत नाही, पण त्याची वेगळी खोड आहे. साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं त्याला दिसत नाही. एकाच डोळ्यानं ओरडतो आणि त्याच डोळ्यानं ऐकतो, त्यामुळे ओरडून होईपर्यंत जवळचा प्रतिध्वनी येऊन गेलेला असतो. म्हणजे टाकी पार भरत आली की नेमका तेव्हाच तो भलताच आकडा सांगणार. नेमकं जिथे हवं तिथेच आंधळा! दोन रात्री मी झाकणावर पाइपचा तुकडा बसवून सेन्सर उंच करायच्या मागे होते. मग आवाज पाइपच्या भिंतींवर आपटून परत येऊ लागला. शेवटी सरळ तीस सेंटिमीटरलाच 'भरली' म्हणायचं ठरवलं. टाकी थोडी रिकामी राहते. राहू दे.

आणि इथे खरा पेच पडला. मेळाव्यात मी टाकी नेणार नव्हते. टेबलावर मावेल असा डबा हवा, आणि पस्तीस सेंटिमीटरच्या डब्यात ह्या आंधळ्या डोळ्याचा काय उपयोग? म्हणजे गच्चीवर एक सेन्सर आणि टेबलावर दुसरा, आधीच्या दोन डोळ्यांच्या जातीचा. तसा एक नवा विकत घेतला. मनात लाज वाटत होती की आपण दाखवतो एक आणि वापरतो दुसरंच.

डबा शोधायला मात्र कष्ट पडले नाहीत, शेवटी इंदूर आहे. मल्हारगंजातल्या नमकीनवाल्याकडे शेव ठेवतात तो पारदर्शक, रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा त्यानं जुना म्हणून पन्नास रुपयांत दिला. तीन वेळा धुतला तरी लवंगेचा वास जाईना. अरुंद बरणी चालत नाही, कारण सेन्सरचा आवाज बॅटरीच्या उजेडासारखा पसरत जातो आणि कडांना लागून परततो.

आई म्हणाली, "लोकांच्या लॅपटॉपजवळ पाणी सांडलं तर? पाण्याऐवजी दुसरं काही घाल." मी कच्चे पोहे घालून पाहिले. इंदूरच्या मुलीनं करावा असाच प्रयोग, पण फसला: पोह्यांचा मऊ, खडबडीत थर आवाज इकडेतिकडे उडवून देतो, आकडे ११, २७, ३४, काहीही. पाण्याला पर्याय नाही हे कळलं. आईनं मोठी परात दिली आणि दोन फडकी. डबा परातीत ठेवायचा, आणि बोर्ड परातीच्या बाहेर, डब्याच्या पातळीहून उंच, चपलेच्या खोक्यावर.

पाणी आलं तसा आवाजाचा पुढचा त्रास आला. तांब्यानं पाणी ओतलं की लाटा उठतात आणि मधूनच एखादा वेडा आकडा येतो. ३१, ३१, ३२, ३० आणि एकदम ३९८. सरासरी काढली तर १०४, म्हणजे डबा आहे त्याहून कितीतरी खोल! मग पाच मापं घ्यायची, चढत्या क्रमानं लावायची आणि मधलं उचलायचं, शाळेत शिकलेला मध्यक. ३१. आठवीच्या गणिताचा आयुष्यात पहिल्यांदाच उपयोग झाला. शिवाय काठावर पाणी हलत असलं की बझर चालू-बंद, चालू-बंद करत किरकिरायचा. काकांनी इस्त्रीचं उदाहरण दिलं: ती ज्या उष्णतेला बंद होते त्याच उष्णतेला लगेच चालू होत नाही, थोडी निवू देते. तसंच केलं. सहा सेंटिमीटरला वाजायला लागायचं, नऊच्या खाली पाणी गेल्यावरच गप्प बसायचं.

आठवडा उरला तेव्हा बोलण्याची तालीम सुरू केली, घरच्यांपुढे. माझी सुरुवात अशी होती: "हा एक आयओटीवर आधारित स्मार्ट जलव्यवस्थापन प्रकल्प असून..." बाबांनी पेपर उचलला. मग मी नेटवरून कुठलासा मोठा आकडा घेतला, देशात इतके टक्के पाणी वाया जातं वगैरे. काकांनी विचारलं, "कुणी मोजलं?" मला सांगता येईना. तो आकडा काढून टाकला आणि रविवारी सकाळी गच्चीवर जाऊन टाकीच्या वाहत्या नळीखाली बादली धरली. पंधरा लिटरची बादली चाळीस सेकंदांत भरली. मिनिटाला साडेबावीस लिटर. म्हणजे दहा मिनिटं विसरलं की सव्वादोनशे लिटर जिन्यावर. आजी खालून ओरडत होती की मोजायच्या नावाखाली आणि किती सांडणार आहेस.

मग सगळं बोलणं बादलीपासून सुरू केलं आणि नव्वद सेकंदांत बसवलं. फक्त एक गोष्ट लक्षात आली नव्हती, ती भावाच्या आली. एकदा दाखवून झालं की डबा परत रिकामा कोण करणार? पुढचा माणूस समोर उभा असताना मी नळीनं पाणी काढत बसणार का? यावर मला अजूनही स्वतःचं कौतुक वाटतं: डबा आधीच जवळजवळ भरून ठेवायचा, इतका की एक तांब्या ओतला की वाजेल. मग तोच तांब्या बुडवून पाणी काढून घ्यायचं, झालं पहिल्यासारखं. एका तांब्याचा खेळ. दिवसभर चालेल.

आदल्या रात्री सगळं पिशवीत भरायच्या आधी शेवटचं म्हणून पॉवर बँकेवर लावून बघितलं. अर्ध्या मिनिटात बंद. परत लावलं, परत अर्धं मिनिट. वायर बदलली, बोर्ड बदलला, रडायची वेळ आली. साडेअकराला भावाच्या ध्यानात आलं की पॉवर बँकेला वाटतंय फोन चार्ज होऊन झाला. माझा बोर्ड करंट इतका कमी ओढतो की ती 'कुणी नाही' समजून झोपते. उपाय सोपा, मोबाइलचा साधा चार्जर आणि बाबांचा दहा फुटांचा एक्स्टेन्शन बोर्ड. पण हे मेळाव्यात पहिल्यांदा कळलं असतं तर?

त्याच रात्री अजून एक प्रताप. कोड गिटहबवर, म्हणजे कुणालाही वाचता येईल अशा साइटवर, टाकून त्याचा क्यूआर छापला होता. सहज उघडून वाचते तर वरच्या तिसऱ्या ओळीत आमच्या घरच्या वाय-फायचा पासवर्ड, जगाला वाचायला. ओळ पुसली, पण जुन्या नोंदींत ती राहतेच. म्हणून पासवर्डच बदलला. वाय-फाय वाड्यातली तीन बिऱ्हाडं मिळून वापरतात. सकाळी सहाला शेजारच्या काकू दारात, "नेट गेलं का गं?"

मेळाव्याच्या सभागृहात दहाला पोचलो. अर्धं टेबल माझं, अर्धं एका मुलाचं. चेहरा ओळखून हजेरी घेणारं त्याचं सॉफ्टवेअर होतं, माझ्यापेक्षा कितीतरी अवघड काम. तिथलं वाय-फाय काही उठेना आणि त्याचं सगळं इंटरनेटवर. तो फोनचा हॉटस्पॉट लावून झगडत होता. टेबलाजवळ सॉकेटही एकच होतं. बाबांच्या बोर्डात त्याचाही लॅपटॉप लागला.

मला वाटत होतं की माझं बाहेरच्या वाय-फायवाचून अडत नाही, कारण माझा बोर्ड स्वतःच छोटं नेटवर्क तयार करतो. फोननं त्याला जोडायचं, १९२.१६८.४.१ असं टाकायचं, पान उघडतं. घरी शंभर वेळा उघडलं होतं. पहिले गृहस्थ आले, मी बादली सांगितली, तांब्या ओतला, बझर वाजला, दिवा लाल झाला, आणि फोनवर पान उघडेना. पांढरा पडदा. ते "गुड, गुड" म्हणत बायोडेटा घेऊन पुढे गेले. फोन बघितला तेव्हा कळलं: ह्या नेटवर्कवर इंटरनेट नाही हे बघून फोन आपल्या मनानं मोबाइल डेटावर गेला होता. घरी तालमीच्या वेळी माझा डेटा पॅक संपलेला असायचा! गरिबीनं झाकलेली चूक. डेटा बंद केला आणि पान दिवसभर उघडत राहिलं.

दुपारपर्यंत नऊ-दहा जण आले. काही जणांनी नुसता तांब्या ओतून बघितला. एकानं विचारलं, हे तर बाजारात तयार मिळतं, मग केलंस का? मी म्हटलं, मिळतं, पण ते मी केलेलं नसतं. उत्तर त्याला पटलं की नाही माहीत नाही.

अडीचच्या सुमारास एक बाई आल्या, चाळिशीच्या. गळ्यात कंपनीची पट्टी, हातात चहाचा कागदी कप. त्यांनी माझं नव्वद सेकंदांचं ऐकून घेतलं, मग टेबलाच्या कोपऱ्यात मी ठेवलेला काळा गोल सेन्सर उचलला. तो मी गच्चीवरून काढून आणला होता, विचारलं तर दाखवावा म्हणून आणि न विचारलं तर बरं म्हणून.

"हा कशाला?"

मी सगळं सांगितलं. पहिला गंजला, दुसऱ्याला जवळचं दिसत नाही, म्हणून टाकीत हा आणि टेबलावर तो. तुम्ही बघताय तो टाकीत चार दिवससुद्धा टिकणार नाही. त्यांनी कप खाली ठेवला. मोटर आपोआप का बंद होत नाही, विचारलं. काकांची उघडी रिले सांगितली. आकडे उड्या मारतात का, विचारलं. ३९८ सांगितला. मला बोलायला मजा यायला लागली होती.

मग त्यांनी काही न विचारता हात पुढे केला आणि सेन्सरची एक वायर उपटली.

बझर ठणाणा वाजायला लागला. शेजारचा मुलगा दचकला. डबा तर भरलेला नव्हता.

"का वाजतोय?"

मला दोन सेकंद सुचलं नाही, मग लख्ख कळलं. वायर नाही तर उत्तर येत नाही, ठरलेला वेळ वाट बघून बोर्ड शून्य धरतो, आणि अंतर शून्य म्हणजे माझ्या कोडच्या मते पाणी सेन्सरला टेकलं. मी तसंच सांगितलं. "शून्य आलं की त्याला टाकी भरल्यासारखं वाटतं. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं."

"आत्ता दुरुस्त होईल?"

लॅपटॉप होता. केबल पिशवीत दोन होत्या. पहिली लावली तर बोर्ड दिसेना, ती नुसती चार्जिंगची निघाली. दुसरी चालली. शून्य असलेली मापं मोजायचीच नाहीत, पाचही शून्य आली तर बझर न वाजवता पिवळा दिवा लुकलुकवायचा. चार ओळी. बोटं थरथरत होती, एक अर्धविराम राहिला, परत केलं. शेजारच्या मुलानं न सांगता परात बाजूला सरकवून धरली होती. बाई उभ्याच. सगळं मिळून सात-आठ मिनिटं गेली असतील. त्यांनी पुन्हा वायर उपटली. पिवळा दिवा लुकलुकला. लावली, हिरवा झाला. "हं," म्हणाल्या आणि माझ्या बायोडेटाच्या मागच्या बाजूला काहीतरी लिहिलं. जाताना मराठीत म्हणाल्या, "डब्याला शेवेचा वास येतोय." तोपर्यंत आम्ही हिंदी-इंग्रजीतच बोलत होतो.

बारा दिवसांनी फोन आला. दुसरी फेरी ऑनलाइन. तिथं त्यांनी मध्यकाचं फंक्शन लिहायला सांगितलं आणि लिहून झाल्यावर विचारलं, यादी रिकामीच आली तर? या वेळी ती ओळ मी आधीच लिहिली होती. टेस्टिंगमध्ये ट्रेनी म्हणून घेतलं. पगार दुकानापेक्षा अडीच हजारांनी जास्त, आणि काम म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या गोष्टींच्या वायरी उपटून बघण्याचं. शेठजींना सांगितलं तेव्हा ते स्टॉकची वही पुढे सरकवून म्हणाले की महिनाअखेर तरी करून जा. ते बरोबर होतं, केलं.

शेजारच्या मुलाचं काय झालं कळलं नाही. चारनंतर गर्दी ओसरली तसं त्याचं नेट चालायला लागलं होतं, आणि त्याच्या सॉफ्टवेअरनं माझा चेहरा ओळखून माझी हजेरीही लावली होती.

गच्चीवरून काढलेला सेन्सर मात्र अजून पिशवीतच आहे. काढताना वायर कापावी लागली होती, ती जोडून परत झाकणात बसवायला एक मोकळा रविवार हवा. परवा नळ आला, मोटर मी लावली आणि नव्या नोकरीचे कागद भरत बसले. या वेळी आजीनं हाक मारली नाही. ती स्वतः उठून आली, ओलं फडकं माझ्या टेबलावर ठेवलं आणि परत जाऊन पडली.